इंदूरचे मंडलोई आणि जमिनीचे जुने कागद

माळव्यातील काय किंवा महाराष्ट्रातील काय, जुन्या शेतकरी घरात कागदांचा एखादा तरी बस्ता सांभाळून ठेवलेला असतो. त्यातील कागद बहुधा मोडीत असतात, काहींना कसर लागलेली असते, आणि ते वाचू शकणारे माणूस घरात दोन-तीन पिढ्यांत झालेले नसते. तरीही तो बस्ता टाकून देण्याचे धैर्य कोणालाही होत नाही. वाटणीचा तंटा निघाला, बांधावरून शेजाऱ्याशी वाद झाला, की "आमच्याकडे सनद आहे" हे वाक्य हटकून ऐकू येते. परंतु सनद म्हणजे काय, ती कोणी व कोणाला दिली, तिने नेमके काय मिळत होते आणि आज तिचे मोल किती, याचा विचार करणारे थोडेच. हा विचार एखाद्या घराण्याच्या उदाहरणावरून केला, तर तो अधिक स्पष्ट होतो. इंदूर परगण्याच्या जमीनदारांचे, म्हणजे मंडलोईंचे घराणे हे असे एक उदाहरण आहे.

आजचे इंदूर शहर होण्यापूर्वी या भागाचा कारभार कंपेल या गावातून चाले. मोगलांच्या व्यवस्थेत हा परगणा माळवा सुभ्यातील उज्जैन सरकारात मोडत असे. अठराव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत येथील जमीनदार राव नंदलाल यांनी कंपेलहून आपले बस्तान खान नदीकाठच्या इंदूरला हलविले. जुन्या इंदुरातील 'बडा रावला' ही या घराण्याची वास्तू. मंडलोई हा शब्द मंडळावरून आला. मंडळाचा, म्हणजे परगण्याचा मुख्य तो मंडलोई. दक्षिणेत ज्याला देशमुख म्हणत, त्याच्याशी त्याचे पद जुळते. देशपांड्याच्या जागी माळव्यात कानूनगो असे, पाटलाच्या जागी पटेल आणि कुलकर्ण्याच्या जागी पटवारी.

येथे पहिली गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी ती ही, की मंडलोई किंवा देशमुख हा परगण्यातील सर्व जमिनीचा मालक नव्हे. आज 'जमीनदार' म्हटले, की हजारो बिघ्यांचा धनी डोळ्यांपुढे उभा राहतो. जुन्या व्यवस्थेत मालमत्ता होती ती हक्कांची. वसुलातील ठराविक हिस्सा, थोडी इनाम जमीन, सणासुदीची भेट, बाजारावरील काही बाब, आणि समारंभात पहिल्या मानाचे स्थान, या सर्वांची मिळून एक जुडी होई. तिलाच वतन म्हणत. त्याच शेतावर कसणाऱ्या रयतेचा हक्क निराळा असे, पटेलाचा निराळा, सरकारचा निराळा. एकाच शेतावर चार जणांचे चार हक्क सुखाने नांदत, आणि प्रत्येकाचा कागद वेगळा असे. म्हणून जुना कागद हाती आला, की प्रथम विचारावयाचे ते हे, की यात भूमी दिली आहे, की भूमीच्या उत्पन्नातील वाटा दिला आहे? पुष्कळ घरांतील भ्रम या एका प्रश्नाने दूर होईल.

माळव्यात मराठ्यांचा अंमल आला तो याच काळात. २९ नोव्हेंबर १७२८ रोजी चिमाजी अप्पांच्या सैन्याने अमझेऱ्याच्या लढाईत मोगलांचा सुभेदार गिरिधर बहादूर याचा पराभव केला. पुढील चार वर्षांत होळकर, शिंदे आणि पवार यांच्याकडे माळव्यातील मुलूख वाटून देण्यात आला. राज्यकर्ते बदलले, पण परगण्यात गावे किती, कोणत्या गावाचा आकार किती, कोणते शेत पडीक आणि कोणते बागाईत, ही माहिती जुन्या जमीनदारांच्याच दप्तरात होती. तिच्यावाचून नव्या सरकारला एक रुपयाही नीट वसूल करता आला नसता. १७३१ साली नंदलाल निवर्तल्यावर त्यांचे पुत्र तेजकरण यांना पहिल्या बाजीराव पेशव्यांनी जमीनदार म्हणून मान्यता दिली, यात आश्चर्य वाटण्याजोगे काही नाही. सरकारला माहिती हवी होती आणि घराण्याला मान्यता. सनद म्हणजे या देवाणघेवाणीचा लेखी पुरावा.

पेशवेकालीन इनामाची सनद एका ठराविक साच्यात लिहिली जाई. प्रथम देणाऱ्याचे व घेणाऱ्याचे नाव, मग राजशकाची व सुहूर सनाची मिती, मग गावाचे नाव व चतुःसीमा. त्यानंतर 'जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेपसहित' अशी शब्दमालिका येते. ती शोभेसाठी घातलेली नाही. पाणी, झाड, गवत, लाकूड, दगड, पुरलेले द्रव्य आणि ठेव, यांपैकी काय दिले व काय दिले नाही, हे त्यावरून ठरे. पाठोपाठ 'हक्कदार व इनामदार खेरीज करून' असे शब्द बहुधा असतात. म्हणजे नवे इनाम देताना त्या गावात पूर्वीपासून ज्यांचे हक्क आहेत, त्यांना धक्का लावावयाचा नाही. शेवटी 'पुत्रपौत्रादी वंशपरंपरेने' हे शब्द आहेत की नाहीत, ते पाहावे. नसतील, तर देणगी त्या माणसाच्या हयातीपुरती असण्याचा संभव अधिक.

या साच्यातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य अगदी अखेरीस येते. दरवर्षी नव्या पत्राची अपेक्षा करू नये, या पत्राची नक्कल लिहून घ्यावी आणि अस्सल पत्र भोगवट्यासाठी धन्याला परत द्यावे, असा त्याचा आशय असतो. म्हणजे अस्सल सनद घराण्याच्या पेटीत जाई आणि तिची नक्कल दप्तरात राही. एक कागद दोन ठिकाणी असला, म्हणजे दोहोंची पडताळणी होऊ शकते. घरातील कागदावर कोणी आकडा खोडला, तर दप्तरातील नक्कल त्याला खोटे पाडते. दप्तर जळाले, तर घरातील अस्सल उभे राहते. जुन्या राज्यव्यवस्थेला कागदाची किंमत कळत नव्हती, असे म्हणणाऱ्यांनी हे एक वाक्य वाचावे.

मितीचा उलगडा झाल्यावाचून मात्र कागद बोलत नाही. मराठी दप्तरांत सुहूर सन अरबी शब्दांत लिहिण्याची चाल होती. 'सलास अशर मयातैन व अलफ' असे लिहिलेले असेल, तर सलास अशर म्हणजे तेरा, मयातैन म्हणजे दोनशे आणि अलफ म्हणजे हजार, एकूण १२१३. त्यात ५९९ मिळविले, की इसवी सन १८१२ येते. हे वर्ष जूनच्या आरंभी, मृगाच्या सुमारास सुरू होई. त्यामुळे पुढील जानेवारी ते मे या महिन्यांतील कागद असेल, तर ६०० मिळवावे लागतात. माळव्यातील कागदांवर विक्रम संवतही असतो. त्यातून ५७ वजा करावे, आणि वर्षाच्या काही महिन्यांत ५६. क्षेत्र मोजण्याची मापेही प्रांतोप्रांती निराळी. माळव्यात वीस बिस्व्यांचा एक बिघा. दक्षिणेत वीस पांडांचा बिघा आणि एकशे वीस बिघ्यांचा चाहूर. तेव्हा केवळ 'बिघा' हा शब्द पाहून आजचे क्षेत्र काढू जाणे धोक्याचे असते.

एवढ्या काळजीने जपलेली ही व्यवस्था एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पार विस्कटली. पेंढाऱ्यांच्या धाडी, पगार थकलेल्या फौजा आणि आपसांतील युद्धे यांनी माळवा उद्ध्वस्त झाला. लोक त्या काळाला 'गर्दी का वक्त' म्हणत. २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूरची लढाई झाली आणि ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसौरचा तह झाला. त्यानंतर इंदूर ही होळकरांची राजधानी झाली. त्या वेळी माळव्याची व्यवस्था लावणारे सर जॉन मालकम यांनी १८२३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात होळकरांच्या मुलुखाचे आकडे दिले आहेत. सरकारी गावे ३,७०१. त्यांपैकी १८१७ साली ओस पडलेली १,६६३. म्हणजे दर शंभर गावांपैकी सुमारे पंचेचाळीस गावांत दिवा लागत नव्हता. पुढे १८१८ साली २६९, १८१९ साली ३४३ आणि १८२० साली ५०८ गावे पुन्हा वसली. ओस उरली ती केवळ ५४३.

या पुनर्वसाहतीचे मालकम यांनी केलेले वर्णन हृदयस्पर्शी आहे. कित्येक वर्षे परमुलखात काढलेली कुटुंबे जथ्याजथ्याने परतली. ज्या पटेलाने गाव सोडले होते तो कधीच मरून गेला होता. त्याचा नातू किंवा पणतू, क्वचित अगदी तान्हे मूल, जथ्याच्या अग्रभागी असे. गावाच्या सीमेत पाऊल टाकताच घराची प्रत्येक पडकी भिंत आणि प्रत्येक शेत ज्याचे त्याने ताब्यात घेतले. आपसांत वाद नाही, सरकारशी तंटा नाही.

हे घडले कसे? पळताना कोणाजवळ कागद उरले असतील, कोणाजवळ नसतील. परंतु शेताची ओळख कागदावर नव्हती तेवढी माणसांच्या स्मरणात होती. अमुक ओढ्यापासून तमुक चिंचेपर्यंत आमचे, त्यापलीकडे तुमचे, ही गोष्ट आजीने नातवाला परमुलखातही सांगून ठेवली होती. शिवाय शेजारचे कुटुंबही त्याच जथ्यात होते. खोटे बोलण्यास जागा नव्हती. महाराष्ट्रात याच सामुदायिक स्मृतीला महजराचे रूप दिलेले आढळते. तंटा पडला, की गावची व परगण्याची मंडळी जमत, साक्षी घेत आणि निर्णयाच्या कागदावर प्रत्येकजण आपापली निशाणी करी. पाटलाचा नांगर, सुताराचा वासला, न्हाव्याचा आरसा. ज्याला अक्षर येत नव्हते, त्याच्या साक्षीलाही तेथे पूर्ण किंमत होती.

१८१८ नंतर ही स्थिती हळूहळू पालटली. नवे राज्यकर्ते परके होते. गावची स्मृती त्यांना ऐकू येत नव्हती; त्यांना कागद हवा होता. मुंबई इलाख्यात १८५२ च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या इनामांचे पुरावे मागण्यात आले. पुढे १८६३ च्या दोन कायद्यांनी, ठराविक सारा देण्याच्या अटीवर पुष्कळ इनामे कायम झाली आणि चौकशीचा ससेमिरा सुटला. होळकरांच्या राज्याला हे कायदे लागू नव्हते. परंतु 'कागद दाखवा' हा नवा मंत्र सर्वत्र पोहोचला होता. ज्या गोष्टीला किंमत येते, तिची नक्कलही बाजारात येते. देशभर या शतकात जुन्या घराण्यांच्या बस्त्यांतून जे कागद पुढे आले, त्यांत अस्सल पुष्कळ, पण संशयास्पदही थोडे नव्हते.

मंडलोई घराण्याच्या दप्तरातील काही पत्रांची कथा या दृष्टीने बोधप्रद आहे. जयपूरचे सवाई जयसिंह आणि राव नंदलाल यांच्यातील म्हणून काही पत्रे प्रसिद्ध झाली. नंदलालनीच मराठ्यांना माळव्यात बोलाविले आणि जयसिंहांचा त्यास पाठिंबा होता, असा त्यांचा मथितार्थ. ही हकीकत दीर्घकाळ इतिहासग्रंथांत फिरत राहिली. तिच्याबरोबरच १७३१ साली तिरल्याच्या लढाईत दया बहादूर मारला गेला, अशीही कथा चाले. पुढे पेशवे दप्तरातील निवडक कागद रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली पंचेचाळीस खंडांत बाहेर पडले. त्यांतील समकालीन पत्रांवरून गिरिधर बहादूर आणि दया बहादूर हे दोघेही १७२८ सालीच अमझेऱ्यास पडले, हे सिद्ध झाले. सीतामऊचे महाराजकुमार रघुबीर सिंह यांनी १९३६ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या माळव्याच्या इतिहासात या पत्रांची चिकित्सा केली आणि ती अस्सल मानता येत नाहीत, असा निष्कर्ष काढला.

घरातील कागद दप्तरातील कागदाशी ताडून पाहण्याची जी सोय सनदेच्या अखेरच्या वाक्यात होती, तिचाच हा मोठ्या प्रमाणावरील प्रयोग होय. मात्र यावरून घराण्याचे वतनच खोटे होते, असा अर्थ कोणी काढू नये. इंदूर परगण्याची जमीनदारी या घराण्याकडे होती आणि राज्यकर्त्यांनी ती मान्य केली होती, ही गोष्ट त्या पत्रांवर मुळीच अवलंबून नाही. घराण्याचा हक्क एका प्रकारच्या पुराव्याने सिद्ध होतो, घराण्याचा गौरव दुसऱ्या. गौरवाचा कागद संशयित ठरला, म्हणून हक्काचा कागद खोटा होत नाही. आणि हक्क खरा आहे, म्हणून गौरवाची प्रत्येक कथा खरी ठरत नाही. ज्या घरांत पूर्वजांच्या पराक्रमाची आणि जमिनीची कथा एकाच दमात सांगितली जाते, तेथे हा विवेक विशेष उपयोगी पडेल.

कागदाच्या या वाढत्या राज्यात सर्वांत अधिक होरपळला तो निरक्षर शेतकरी. गहाणखत म्हणून सांगावे आणि खरेदीखत लिहून घ्यावे, दिले पन्नास आणि लिहिले शंभर, असे प्रकार दक्षिणेत सर्रास घडले. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी सावकारांवर उठले, तेव्हा त्यांचा रोख मुख्यतः दस्तऐवजांवर होता. रोखे हाती लागताच ते जाळले जात. त्यानंतर १८७९ साली दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. शेतकऱ्याचा दस्त ग्रामनिबंधकापुढे व्हावा, आणि न्यायालयाने केवळ दस्ताचे शब्द न पाहता मूळ व्यवहाराचा पूर्वेतिहास तपासावा, अशी तरतूद त्यात होती. कागद खरा असूनही व्यवहार खोटा असू शकतो, याची ती सरकारी कबुलीच होती.

इकडे होळकरी मुलुखात एकोणिसाव्या शतकात बराच काळ गावे इजाऱ्याने देण्याची पद्धत होती. इजारदाराने सरकारात ठराविक रक्कम भरावी आणि गावाकडून वसूल करावी. रयतेच्या हाती पट्टा, आणि त्याबदल्यात रयतेने लिहून दिलेली कबुलायत, हे या व्यवहाराचे दोन कागद. सनदेच्या मानाने हे कागद दरिद्री दिसतात. त्यांवर ना राजमुद्रेचा थाट, ना वंशपरंपरेची भाषा. केवळ कोणी, कोणते शेत, किती साऱ्याने केले, एवढीच नोंद. पटवारी वर्षावर्षाला खसऱ्यात अशाच नोंदी करीत राहिला. त्याच्या त्या रुक्ष ओळींना पुढे केवढे महत्त्व येणार आहे, याची त्या वेळी कोणाला कल्पना नव्हती.

तो प्रसंग आला १९५१ साली. १९४८ मध्ये होळकर राज्य मध्य भारतात विलीन झाले होते. संवत २००८ च्या मध्य भारत जमीनदारी निर्मूलन कायद्याने २ ऑक्टोबर १९५१ पासून जमीनदारांचे हक्क सरकारात गेले; पाठोपाठ ४ डिसेंबर १९५२ रोजी जहागिरीही संपल्या. जमीनदाराजवळ काय उरावे? कायद्याने एकच कसोटी ठेवली: जी जमीन त्याची 'खुदकाश्त' आहे आणि गावच्या वार्षिक कागदांत तशी नोंदलेली आहे, ती त्याच्या ताब्यात राहील. पेशव्यांची मुद्रा, वंशपरंपरेचे अभिवचन आणि जल-तरु-तृणाची शब्दमालिका या ठिकाणी कामास येणार नव्हती. पटवाऱ्याच्या खसऱ्यात 'खुदकाश्त' हा एक शब्द होता की नाही, एवढाच प्रश्न. ज्यांनी सनद कुलपात जपली, पण वर्षाच्या नोंदीकडे तुच्छतेने पाहिले, त्यांना त्याची किंमत मोजावी लागली. याच्या उलट, ज्या कुळाच्या घरी कधीही सनद आली नव्हती, त्याला याच रुक्ष नोंदींनी आपल्या शेतावर उभे राहण्याचा आधार दिला. ज्या गावांत एका शेतावर चार हक्क नांदत होते, तेथे कसणाऱ्याचा हक्क प्रथमच मध्यस्थावाचून सरकारशी जोडला गेला.

आजची स्थिती याच पायावर उभी आहे. मध्य प्रदेशच्या १९५९ च्या भूराजस्व संहितेप्रमाणे आणि महाराष्ट्राच्या १९६६ च्या जमीन महसूल संहितेप्रमाणे अधिकार अभिलेखातील नोंद, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरी समजली जाते. तथापि नोंद म्हणजे मालकी नव्हे. नामांतरणाने किंवा फेरफाराने मालकी निर्माण होत नाही वा संपतही नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी सांगितले आहे. खसरा किंवा सातबारा हा ताब्याचा व साऱ्याचा आरसा आहे. त्यामागे खरेदीखत, वाटणीपत्र किंवा वारसा यांचा आधार असावाच लागतो.

मग बस्त्यातील मोडी कागदांचे काय? तीस वर्षांहून जुना दस्त योग्य ठिकाणाहून, म्हणजे जेथे तो असणे स्वाभाविक आहे तेथून, पुढे आला, तर त्यावरील सही व अक्षर खरे आहे असे न्यायालय मानू शकते. १८७२ च्या पुरावा कायद्यातील हे तत्त्व १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या नव्या साक्ष अधिनियमातही कायम आहे. पण हे अनुमान अक्षरापुरते आहे. आतील मजकूर सत्य आहे, असे त्यावरून ठरत नाही. मजकुराची परीक्षा निराळी करावी लागते, जशी मंडलोई दप्तरातील पत्रांची करावी लागली. 'योग्य ठिकाण' या अटीमागील कारणही आता उमगेल. कागद पिढ्यान्‌पिढ्या एकाच घरात राहिला, हाच त्याच्या खरेपणाचा एक साक्षीदार असतो. म्हणून भावाभावांत वाटणी होताना कागद फाडून किंवा पाने वाटून घेऊ नयेत. अस्सल एकाकडे ठेवून इतरांनी स्वच्छ नकला घ्याव्यात; जुन्या सनदेने सांगितलेला मार्ग तोच आहे.

बस्ता उघडल्यावर कागद उन्हात वाळवू नयेत, त्यांवर चिकटपट्ट्या लावू नयेत, अस्पष्ट अक्षरे शाईने गडद करू नयेत. गडद केलेले एक अक्षर साऱ्या कागदावर संशय आणते. मोडी जाणणाऱ्या माणसाकडून प्रत्येक कागदाची मिती, गाव, देणारा, घेणारा आणि हेतू एवढ्या पाच गोष्टी प्रथम लिहून घ्याव्यात. दक्षिणेतील इनाम-वतनांच्या नोंदींसाठी पुण्याच्या पेशवे दप्तरात शोध घेता येतो. हे होईल तेव्हा होईल. परंतु एक काम या आठवड्यातच करण्याजोगे आहे. आपल्या शेताचा चालू खसरा किंवा सातबारा काढून त्यात आज हयात असलेल्या, शेत कसणाऱ्या माणसांची नावे आहेत की नाहीत, हे पाहावे. पुष्कळ घरांत आजोबांच्या पश्चात नोंद बदललेलीच नसते, आणि मुलींची व विधवांची नावे तर घालावयाची राहूनच जातात. तान्ह्या पटेलाला पुढे घालून परतलेल्या त्या जथ्यांना शेजाऱ्याची आठवण पुरली, कारण शेजारी तोच होता आणि शेतही तेच. आज निम्मे घर शहरात आणि शेजारी नवा, अशा स्थितीत स्मरणावर भिस्त ठेवता येत नाही. नोंदीतून वगळलेली बहीण किंवा भावजय उद्या हक्क मागू लागेल, तेव्हा तिच्या बाजूने बोलणारा कागद आजच तयार असला पाहिजे.